आजोबांची हॉक्स क्लॅरोनेट सापडलीय: दुरुस्त करायची की तशीच ठेवायची, आणि किंमत कशी काढतात?

तासगावची_लेक

नमस्कार मंडळी. इथे वाद्यांतली जाणकार माणसं बरीच आहेत म्हणून विचारतेय, जरा लांबण लागेल पण सगळं सांगते म्हणजे तुम्हाला अंदाज येईल.

तासगावचं जुनं घर रिकामं करताना माळ्यावर आजोबांची क्लॅरोनेट सापडली. आजोबा बँडमधे होते, लग्नसराईत गावोगाव जायचे आणि गणपतीत तासगावच्या रथापुढे वाजवायचे, आम्ही नातवंडांनी मात्र त्यांना वाजवताना कधीच ऐकलं नाही कारण आमच्या जन्माआधीच त्यांनी सोडलं होतं. बाबांनी ऐकलंय. पेटी काळ्या लाकडाची आहे, आत निळं मखमल, त्याला बुरशी आलीय. वाद्यावर इंग्रजीत कोरलंय ते असं: हॉक्स अँड सन, डेनमन स्ट्रीट, पिकॅडिली सर्कस, लंडन. त्याच्या वर एक्सेलसियर सोनोरस क्लास असं काहीतरी गोल शिक्क्यात आहे. खाली नंबर आहे.

अवस्था सांगते. चाव्या मोजल्या तर १३ भरतील पण खालच्या भागातली एक तुटून गेलीय, नुसते दोन खांब उभे आहेत. सगळ्या चाव्या काळ्या पडल्यात. वरच्या जॉइंटला, म्हणजे नळीच्या वरच्या लांब तुकड्याला, वरच्या टोकापासून खाली एक बारीक चीर आहे, बोटाच्या दोन पेरांएवढी. घंटेची, म्हणजे खालच्या पसरट तोंडाची, धातूची कडी सैल झालीय, हातात फिरते. बॅरल, म्हणजे तोंडात धरायच्या माउथपीसखालचा छोटा तुकडा, वरच्या जॉइंटमधे इतकं घट्ट बसलंय की निघतच नाही. माउथपीस आहे पण तो वेगळ्याच कंपनीचा वाटतो. चाव्यांखालची पॅडं, भोकं झाकणाऱ्या मऊ चकत्या, कुरतडलेली.

आता प्रश्न. जुन्या बाजारातल्या एकाला फोटो दाखवला तर तो म्हणाला पंधरा हजारात आत्ता देऊन टाका, दुसऱ्या दिवशी स्वतःहून फोन करून पंचवीस म्हणाला, त्यामुळे घरात सगळ्यांना वाटायला लागलंय की नक्कीच लाखाची वस्तू आहे. माझा चुलतभाऊ न्यूजर्सीला असतो, तो म्हणतो इकडे पाठव, इकडे अशा दुर्मिळ गोष्टींना गिऱ्हाईक आहे. आईला ती काचेच्या पेटीत लावायची आहे. बाबांचं एकच म्हणणं, ती पुन्हा वाजली पाहिजे. शेजारचे काका म्हणाले ब्रासोने चाव्या घासा आणि लाकूड रात्रभर तिळाच्या तेलात बुडवून ठेवा. अजून काही केलेलं नाही. काय करू?

काळी_पाच

ताई, आधी एक काम करा, ब्रासोचा डबा कपाटात ठेवून द्या आणि तेलाचं भांडं पण. बाकीचं सगळं सावकाश करता येईल पण या दोन गोष्टी एकदा झाल्या की परत फिरवता येत नाहीत.

मी लष्करी बँडमधे क्लॅरोनेट वाजवली, शिक्षण पचमढीला झालं, आणि निवृत्त झाल्यावर पोरांना शिकवतो, त्यामुळे हॉक्सच्या क्लॅरोनेट हातातून गेल्यात. तुमच्या चाव्या जर्मन सिल्व्हरच्या असणार, त्यात चांदी नसते, तांबं निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू तो. काळा पडतो पण खराब होत नाही. ब्रासोत खरवडणारी पूड असते, ती चाव्यांच्या नळ्यांमधे आणि स्क्रूच्या भोकांत जाऊन बसते आणि मग चावी जड होते, शिवाय शिक्क्याची अक्षरं बोथट होतात. ओळख पटवायला तुमच्याकडे तो शिक्काच आहे. मऊ सुती कापडाने कोरडं पुसा, बस.

तेलाचं असं की वाद्य लाकडाचं आहे का इबोनाइटचं तेच आधी बघावं लागेल. इबोनाइट म्हणजे कडक केलेलं रबर. उष्ण प्रदेशातल्या पलटणींच्या बँडांना ते पसंत पडायचं कारण लाकूड उन्हाळ्यात तडकतं आणि इबोनाइट तडकत नाही. पण उन्हात राहिलं की त्याचा काळा रंग जाऊन हिरवट तपकिरी होतो. अंगठ्याने जोरात घासा आणि वास घ्या, गंधकाचा जळका वास आला तर इबोनाइट. नाहीतर उजेडात तिरकं धरा, लाकूड असेल तर उभ्या रेषा दिसतील, अगदी बारीक. तुमच्याकडे चीर आहे म्हणता त्यावरून लाकूडच असावं, आफ्रिकन ब्लॅकवूड, आपल्या शिसवीच्याच कुळातलं झाड. ते इतकं घट्ट असतं की पाण्यात टाकलं तर बुडतं. त्याला रात्रभर तेलात ठेवलं तर तेल लाकडात कमी आणि पॅडं, कॉर्क आणि चिरेत जास्त जाईल, आणि एकदा चिरेत तेल गेलं की कुठलाही गोंद तिथे धरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे तुम्हाला जुन्या बाजारात कोणी सांगणार नाही. नंबरच्या आसपास किंवा जॉइंटच्या मागे एच पी किंवा एल पी अशी दोन बारीक अक्षरं आहेत का बघा. हाय पिच आणि लो पिच. इंग्लंडमधे पूर्वी लष्करी बँड चढ्या सुरात वाजायचे, त्यांचा ए हा सूर म्हणजे सेकंदाला साडेचारशेच्या वर कंपनं, ४५२.५. आज जगभर ४४० धरतात. फरक ऐकायला किती, तर हार्मोनियमवर काळी एक आणि पांढरी दोन यांच्यात जेवढं अंतर तेवढ्याच्या निम्मं. म्हणजे धड या पट्टीत नाही धड त्या पट्टीत नाही. ब्रिटिश लष्कराने १९२० च्या दशकाच्या अखेरीस ती पट्टी सोडली. तुमची हॉक्स अँड सन ही कंपनी १९३० मधे बूझीमधे मिसळून बूझी अँड हॉक्स झाली, म्हणजे तुमचं वाद्य नक्की त्याआधीचं, आणि त्यामुळे ती हाय पिच असण्याची शक्यता बरीच आहे.

अक्षरं सापडली नाहीत तर माउथपीस काढून ठेवा आणि बॅरलच्या वरच्या कडेपासून घंटेच्या खालच्या कडेपर्यंत टेप लावा. आजची बी फ्लॅट क्लॅरोनेट ५९-६० सेंटिमीटर भरते. हाय पिच असेल तर दीड-दोन सेंटिमीटर कमी. ते कळवा, मग पुढचं बोलू.

पुण्याचा_सारंग

मिरज तुम्हाला जवळ आहे, तिथे वाद्यं बनवणाऱ्यांची आख्खी गल्ली आहे, त्यांच्याकडे द्या ना. पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करतात.

चावी_आणि_पॅड

सारंग, मिरजेच्या कारागिरांबद्दल मला मनापासून आदर आहे, तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मधे जीआय मानांकन मिळालं ते अगदी रास्त होतं, पण ते काम भोपळ्याचं, तुणीच्या लाकडाचं, तारांखालच्या घोडीच्या जवारीचं. क्लॅरोनेट म्हणजे निम्मं सुतारकाम आणि निम्मं घड्याळजीचं काम. वेगळा माणूस लागतो. मी फुंकवाद्यांचीच दुरुस्ती करतो, कल्याणला, जाहिरात करायची नाहीये म्हणून नाव देत नाही पण काम कसं असतं ते सांगतो म्हणजे तुम्ही कोणाकडेही गेलात तरी योग्य प्रश्न विचाराल.

अडकलेलं बॅरल. पावसाळ्यात लाकूड फुगतं म्हणून अडकतं. पक्कड लावायची नाही, गरम पाणी नाही, पिळायचं नाही. तुमच्या वरच्या जॉइंटला चीर आहे, पिळलंत तर ती चीर सरळ खाली पहिल्या भोकापर्यंत जाईल. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतात पण चीर असताना मी तेही करणार नाही कारण एकदम कोरडं केलं तर चीर रुंदावते. नुसतं पावसाळा संपेपर्यंत थांबा, कपाटात, सुती कापडात गुंडाळून. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बहुतेक वेळा हाताने निघतं. घंटेची कडी सैल होण्याचं कारण याच्या उलट, उन्हाळ्यात माळ्यावर लाकूड आक्रसलं. कडीच्या आत पातळ कागदाची पट्टी ठेवून ती बसवता येते, कडी ठोकून दाबायची नाही.

चीर. वरच्या बाजूची चीर ही क्लॅरोनेटची नेहमीची जागा, कारण फुंकीची गरम ओल आधी तिथेच पोचते, आतून लाकूड फुगतं आणि बाहेरून कोरडं राहतं. केसासारखी असेल आणि कुठल्या भोकाला छेदून जात नसेल तर घाबरायचं कारण नाही. जॉइंटची सगळी भोकं बोटांनी आणि चाव्यांनी बंद करा, खालचं टोक तळहाताने दाबून धरा आणि वरून तोंडाने हवा ओढा. पोकळी टिकली तर चीर वरवरची आहे. अर्थात आत्ता तुमची पॅडं कुरतडलेली आहेत म्हणजे हवा येणारच, ही तपासणी नवीन पॅड बसल्यावरची. केसासारख्या चिरेत पातळ सुपरग्लू आणि त्याच लाकडाचा भुसा भरतात, घासून एकसारखं करतात, काम चांगलं असेल तर शोधावं लागतं. चीर खोल असेल तर आडव्या पिना घालतात, म्हणजे लाकडात आरपार नाही तर कडेकडेने बारीक भोक पाडून आट्यांची सळई बसवायची जी चिरेला दोन्ही बाजूंनी धरून ठेवते. घरी अॅराल्डाइट किंवा एमसील लावू नका, ते नंतर काढताना लाकूड निघून येतं.

पॅडं. जुनी पॅडं म्हणजे नमद्याच्या चकतीवर जनावराच्या आतड्याचा पातळ पडदा, कसर आणि झुरळांचं आवडतं खाणं. नवीन पॅड बाजारात मिळतात पण ती आजच्या क्लॅरोनेटच्या उथळ वाट्यांसाठी केलेली असतात, आणि तुमच्या वाट्या खोल असतील तर पातळ पॅड आत बुडून जातं आणि भोक कधीच नीट झाकलं जात नाही. जाड पॅड मागवावी लागतात. ती वाटीत चिकटवायला चपडी लाख वापरतात, सोनार वापरतो तीच, कारण नंतर गरम करून पॅड हलवता येतं. कोणी फेविक्विकने पॅड चिकटवतो म्हणाला तर वाद्य उचलून घरी या. पॅड नीट बसलं का हे बघायला सिगारेटच्या कागदाची अगदी अरुंद पट्टी पॅडखाली ठेवून चावी सोडतो आणि पट्टी ओढतो, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. चारही बाजूंनी सारखीच अडली पाहिजे. एका बाजूने सुळकन सुटली की तिथून हवा जातेय. या कामात वेळ खूप जातो आणि घाई करता येत नाही, एका क्लॅरोनेटला आठवडाही लागतो.

चाव्या काढण्याआधी फोटो काढा, प्रत्येक स्क्रू कुठला ते कागदावर चित्र काढून त्यावरच टोचून ठेवा. हाताने केलेल्या वाद्यात दोन स्क्रू सारखे नसतात. गंजलेला स्क्रू हलत नसेल तर गंज सैल करणाऱ्या तेलाचा सुईच्या टोकाने एक थेंब आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. सुईसारख्या स्प्रिंगा असतात त्या निळसर पोलादाच्या, गंजलेल्या असतील तर बदलाव्या लागतील, ते स्वस्त आहे.

तुटलेली चावी हा खरा खर्च. दोन मार्ग, एकतर त्याच जातीच्या मोडक्या क्लॅरोनेटवरून काढून बसवायची, किंवा जर्मन सिल्व्हरमधे हाताने घडवायची. मेरठला जळी कोठी भागात बँडची वाद्यं बनवणारे आहेत, देशभरातल्या बँडवाल्यांची वाद्यं तिथून येतात, आणि अशी १३ चाव्यांची जुन्या पद्धतीची क्लॅरोनेट तिकडे लोकांच्या सवयीची आहे. खांबांमधलं अंतर मिलिमीटरच्या भागात मोजून पाठवावं लागेल.

लेस्टरकर

किमतीबद्दल मी बोलतो, मी इंग्लंडमधे राहतो आणि जुनी क्लॅरोनेट जमवतो, आधी चांगली बातमी देत नाही म्हणून राग मानू नका.

व्हायोलिनचं आणि फुंकवाद्याचं गणित वेगळं आहे. व्हायोलिन जुनं झालं की मान वाढतो. क्लॅरोनेट जुनी झाली की बहुतेक वेळा किंमत उतरते, कारण लाकडाची आतली नळी वर्षानुवर्षं ओल आणि वाळण्याने आकार बदलते, आणि वाजवणाऱ्याला आजच्या ऑर्केस्ट्रात चालणारी पद्धत लागते. ती पद्धत म्हणजे बोएम पद्धत, क्लोझे आणि ब्यूफे या दोघांनी पॅरिसमधे १८३९ च्या सुमारास आणलेली, १७ चाव्या आणि बोटांच्या भोकांभोवती ६ कड्या. तुमची १३ चाव्यांची, तिला इथे सिंपल सिस्टीम म्हणतात, मूळ इवान म्युलरची, १८१२ च्या आसपासची, आणि ब्रुसेल्सच्या युजीन अल्बर्टने ती सुधारली म्हणून अल्बर्ट सिस्टीम असंही नाव पडलं. हॉक्सने लष्करी बँडांसाठी अशा क्लॅरोनेट फार मोठ्या संख्येने बनवल्या. त्यामुळे दुर्मिळ हा शब्द इथे लागू होत नाही. ब्रिटनमधल्या लिलावांत आणि ऑनलाइन विक्रीत सिंपल सिस्टीमची इंग्लिश क्लॅरोनेट बऱ्याचदा शंभर पाउंडांच्या आतच जाते, आणि हाय पिच असेल तर अजून खाली. तुमच्या जुन्या बाजारवाल्याने २५ हजार म्हटले तर तो आकडा इथल्या भावापेक्षा जास्तच आहे, माझ्या मते त्याला अँटिक म्हणून दिवाणखान्यात मांडणारं गिऱ्हाईक दिसत असावं.

मग खरंच दुर्मिळ काय असतं? १९ व्या शतकाच्या सुरुवातीच्या पिवळ्या बॉक्सवूडच्या, पाच-सहा चाव्यांच्या. स्वतः युजीन अल्बर्टच्या कारखान्यातल्या, नुसत्या नावाची नक्कल केलेल्या नाहीत. ए आणि बी फ्लॅटची एकाच हातची जोडी, एकाच पेटीत. बॅसेट हॉर्न, म्हणजे क्लॅरोनेटच्याच जातीचं खालच्या सुराचं वाद्य. यात तुमची बसत नाही, पण एक गोष्ट बघा, बॅरल, वरचा जॉइंट, खालचा जॉइंट आणि घंटा चारही भागांवर त्याच कंपनीचा शिक्का आहे का, आणि नंबर आहे तिथे तो जुळतो का. जुळत असेल तर पूर्ण मूळ संच म्हणून जमवणारे लोक थोडं जास्त देतात.

वय शोधायचं असेल तर लंडनच्या हॉर्निमन म्युझियममधे बूझी अँड हॉक्सचा वाद्यसंग्रह आणि कारखान्याचे जुने कागद आहेत. नंबर आणि शिक्क्यांचे स्वच्छ फोटो ईमेलने पाठवून विचारता येतं. आतापर्यंत १९३० च्या आधीची एवढं पक्कं आहे.

आणि न्यूजर्सीच्या भावाला सांगा थांब म्हणून. आपल्याकडे १९७२ चा पुरावशेष कायदा आहे, शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही, पाठवायचीच असेल तर ती पुरावशेष नाही असं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावं लागतं. तुमची क्लॅरोनेट १९१५ ची निघाली तर पाठवताच येणार नाही. लाकडाची अडचण मात्र आता राहिलेली नाही, ब्लॅकवूडचं झाड आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्यांच्या यादीत २०१७ पासून आहे पण २०१९ च्या अखेरीपासून तयार वाद्यांना सूट मिळालीय. कड्या हस्तिदंती असतील तर मात्र विकायचा विचारसुद्धा करू नका, तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. तुमची कडी धातूची आहे म्हणता म्हणजे तो प्रश्न नाही.

जपणूक

माझं मत थोडं वेगळं आहे. इतका खर्च करून चीर भरायची, चावी नवीन घडवायची, पॅडं बदलायची, मग आजोबांच्या हातातलं त्यात काय राहिलं? बँडवाल्यांची वाद्यं आपल्याकडे कोणीच जपून ठेवत नाही. पुण्याच्या केळकर संग्रहालयात वाद्यांचं दालन आहे, तिथे जाऊन बघा, वाद्य न वाजवताही किती बोलतं. मी दुरुस्तीच्या विरोधात नाही, पण हात लावण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो घ्या, प्रत्येक भागाची लांबी आणि आतल्या नळीचा व्यास लिहून ठेवा, आणि जे काही काढाल, कुरतडलेलं पॅड, गंजलेली स्प्रिंग, जुना दोरा, ते चिठ्ठी लावून छोट्या पुडीत ठेवा. माउथपीस वेगळ्या कंपनीचा आहे म्हणून फेकू नका. आजोबांनी तो मुद्दाम निवडलेला असणार. त्याच्यावर वरच्या बाजूला दातांच्या खुणा असतील, दोन छोटे खळगे, ते त्यांचे आहेत.

तासगावची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. आत्ता वाद्य समोर घेऊन बसलेय.

लाकूडच आहे, उभ्या रेषा स्पष्ट दिसतात, वास काही येत नाही. नंबरच्या खाली खरंच एच पी आहे, भिंगातून दिसलं, धूळ भरली होती. टेप लावली तर साडेसत्तावन्न भरली. शिक्का बॅरल, दोन्ही जॉइंट आणि घंटा सगळ्यांवर एकच आहे. आणि हो, माउथपीसवर दोन खळगे आहेत. बाबांना दाखवले तर ते बराच वेळ तो हातात घेऊन बसले, कोणाशी बोलले नाहीत.

विकायचा विषय घरात संपला. जुन्या बाजारवाल्याला नाही म्हणून कळवलं. पण हाय पिच म्हणजे आता ती कोणाबरोबर वाजणारच नाही का? बाबांचं मन मोडवत नाही. बॅरल थोडं बाहेर ओढून सूर उतरवता येतो असं कुठेतरी वाचलं ते खरं का?

काळी_पाच

बॅरल ओढून नाही जमणार. बॅरल ओढलं की वरचे सूर जास्त उतरतात आणि खालचे कमी, कारण वरच्या सुरांची हवेची नळी मुळातच आखूड असते, तिच्यात चार-पाच मिलिमीटरची भर पडली की फरक मोठा. खालच्या सुराला तेवढ्याने काही होत नाही. म्हणजे सगळी पट्टी उतरायच्या ऐवजी वाकडी होते. भोकं जिथे पाडलीत तिथे पाडलीत. कोणी तुम्हाला लांब बॅरल करून देतो म्हणाला तरी पैसे घालू नका.

पण वाजणार नाही हे कोण म्हणालं? हाय पिचला गिऱ्हाईक नाही हे ऑर्केस्ट्राच्या दृष्टीने झालं. तुमच्या घरात ऑर्केस्ट्रा नाही. तंबोरा क्लॅरोनेटला मिळवून घेता येतो, तबलाही चढवता येतो. तुमच्या वाद्याचा सा कुठेही असू दे, बाकीचे त्याच्याकडे येतात, आपल्या संगीताला ही मोकळीक पहिल्यापासून आहे. अडचण फक्त पेटीची, कारण हार्मोनियमचे सूर जागचे हलत नाहीत. कीबोर्ड असेल तर बहुतेक कीबोर्डांत ट्यूनिंग बदलायची सोय असते, ४४० च्या जागी ४५२ करा की झालं. फोनवर तंबोऱ्याची अॅप आहेत त्यातही बारीक सूर हलवता येतो.

आणि अजून एक. बोएमच्या क्लॅरोनेटवर बोटांखाली कड्यांची गर्दी असते, एक बोट उचललं की कुठेतरी दुसरी चावी हलते. तुमच्या १३ चाव्यांच्या वाद्यात भोकं बरीचशी मोकळी आहेत, बोट भोकावरून हळूहळू सरकवत सूर ओढता येतो. मींड येते, गमक येते. आपल्याकडच्या बँडवाल्यांनी ही जुनी पद्धत इतकी वर्षं धरून ठेवली ती काही फक्त स्वस्त मिळते म्हणून नाही. तुमच्या आजोबांनी नाट्यगीतं किंवा अभंग वाजवले असतील तर याच भोकांवर बोटं घासून वाजवले असणार. बाबांना विचारा, रथापुढे काय वाजवायचे ते त्यांच्या लक्षात असेल, ते लिहून ठेवा, ही माहिती बँडवाल्यांच्या घराबाहेर फारशी नोंदलेली नसते.

जपणूक यांचं मला पटतं अर्धं. पुड्या करून जुनं सगळं ठेवा, फोटो ठेवा, माउथपीस तर जिवापाड जपा. पण पॅड हे बदलण्यासाठीच असतं, आजोबांनीही दर काही वर्षांनी बदललंच असेल. ते बदललं म्हणून वाद्य परकं होत नाही.

जपणूक

हे मान्य. माझा आग्रह फक्त नोंदीचा होता. चावी नवीन घडवलीत तर तिच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा ठिकाणी, साल कोरून घ्या म्हणजे उद्या कोणाला मूळ कुठली आणि नंतरची कुठली याचा घोळ होणार नाही.

लेस्टरकर

चारही भागांचा शिक्का एक आहे हे छान. किंमत काढायची असेलच, समजा विम्यासाठी किंवा घरात वाटणीसाठी, तर विक्रीची किंमत न धरता दुरुस्तीला लागलेला खर्च आणि तशीच दुसरी आणायला लागेल तो खर्च, असं धरा. दुरुस्ती पूर्ण केलीत तर ती विकून तेवढे पैसे परत येणार नाहीत हे आधीच घरात सगळ्यांना स्पष्ट सांगा, म्हणजे नंतर भावाभावांत बोलणं नको. हॉर्निमनला पत्र लिहायला मदत हवी असेल तर मला निरोप टाका, इंग्रजी मसुदा करून देतो.

चावी_आणि_पॅड

आता क्रम सांगतो, कारण सगळं एकदम केलं की पैसे जातात. पावसाळा संपेपर्यंत काही करायचं नाही, फक्त पेटीतून बाहेर काढा, त्या बुरशीच्या मखमलीत परत ठेवू नका, आणि पेटी सावलीत वारं लागेल अशी उघडी ठेवा. दिवाळीनंतर बॅरल निघतंय का बघा. मग चीर, मग चावी, मग पॅडं, याच क्रमाने. चावीच्या आधी पॅडं केलीत तर चावी बसवताना पुन्हा सगळं उघडावं लागतं. जॉइंटला कॉर्क लावायच्या ऐवजी मेण लावलेला सुती दोरा गुंडाळायला सांगा, जुन्या लोकांची तीच पद्धत आणि घट्ट-सैल झालं तर घरी दोन वेढे काढता घालता येतात. बदामाचं तेल लावायचं ते चीर भरल्यानंतरच, चाव्या काढलेल्या असताना, आतल्या नळीतून दोन-चार थेंब लावलेलं कापड एकदा ओढायचं. खोबरेल नको, थंडीत गोठतं आणि नंतर खवट वास येतो.

दुरुस्त होऊन आली की पहिल्या दिवशी बाबांना किंवा कोणालाही तासभर फुंकू देऊ नका. इतकी वर्षं कोरडं राहिलेलं लाकूड एकदम ओलं झालं तर नवीन चीर जाते, भरलेल्या चिरेच्या शेजारी. पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटं, वाजवून झालं की लगेच चारही भाग सुटे करून आतून कापड ओढायचं, मग हळूहळू वेळ वाढवा. सकाळी गार हवेत वाजवायची असेल तर आधी वरचा जॉइंट काखेत धरून कोमट करा, गरम फुंक थंड लाकडात सोडू नका. रीड, म्हणजे माउथपीसवर बांधायची वेताची पट्टी, मऊ घ्या, दीड नाहीतर दोन नंबरची, बाबा पहिल्यांदाच वाजवणार असतील तर तीनची फुंकलीच जाणार नाही. आणि त्या जुन्या माउथपीसवर आजची रीड रुंदीला बसते का ते दुकानात नेऊन लावून बघा, नाही बसली तर कडेने बारीक पॉलिश पेपरवर घासून अरुंद करता येते.

तासगावची_लेक

बाबा म्हणतात क्रम वहीत लिहून घे. लिहून घेतलाय. रथापुढे काय वाजवायचे तेही विचारलं, त्यांना चार-पाच चाली गुणगुणून दाखवता आल्या, मोबाईलवर रेकॉर्ड केल्यात. त्यातली एक मला अजिबात ओळखता आली नाही. काळी_पाच काका, तुम्हाला निरोपात पाठवू का, तुम्ही ओळखाल कदाचित?

काळी_पाच

पाठवा, आजच पाठवा. आणि बाबांनी कुठल्या पट्टीत म्हटलंय त्याची काळजी करू नका, मला चाल कळली की पुरे. नोटेशन काढून देतो, तुमच्या वाद्याच्या बोटांसकट, म्हणजे दुरुस्त होऊन येईपर्यंत बाबांना नुसत्या बोटांचा सराव करता येईल.